आहारवर्तनाच्या चिकित्सा चाचण्या : सहभाग, संमती आणि मोबदला

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच फेरीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनाचे अथवा स्थूल असल्याचे दिसून आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचा अंदाज दिला. अपुरे पोषण आणि अतिपोषण या दोन्ही समस्या आज एकाच देशात, पुष्कळदा एकाच वस्तीत आणि क्वचित एकाच घरात नांदत आहेत. अशा स्थितीत लोक काय खातात एवढी आकडेवारी धोरणकर्त्यांना पुरत नाही. लोक तसे का खातात, भूक व तृप्ती कशाने बदलते आणि खाण्याची सवय कोणत्या उपायाने पालटते, हेही ठाऊक असावे लागते. याचे विश्वसनीय उत्तर चिकित्सा चाचण्यांतून, म्हणजेच क्लिनिकल ट्रायलमधून मिळते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत असे ज्ञान ही सार्वजनिक वस्तू होय. एकदा ते निर्माण झाले की त्याचा लाभ सर्वांना मिळतो. ते निर्माण करण्याची झीज मात्र मोजकी माणसे सोसतात. ती आपला वेळ देतात, आपले शरीर मोजू देतात आणि काही प्रमाणात धोकाही पत्करतात. या माणसांना काय सांगितले जाते, काय दिले जाते आणि अपाय झाल्यास त्यांच्यामागे कोण उभे राहते, हे प्रश्न म्हणूनच वैद्यकापुरते राहत नाहीत. ते सार्वजनिक धोरणाचे आणि प्रशासकीय नीतिमत्तेचे प्रश्न ठरतात. आहाराच्या चाचण्यांत त्यांना एक विशेष धार येते, कारण येथे चाचणीचा विषय आणि सहभागी होण्याचे आमिष या दोन्ही गोष्टी बहुधा एकच असतात : अन्न.

आहाराची चाचणी निराळी का?

नव्या गोळीची चाचणी घेताना सहभागी व्यक्तींची दोन गटांत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली जाते. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच परंतु निष्क्रिय गोळी मिळते. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला व डॉक्टरला कळू दिले जात नाही. आहाराच्या बाबतीत ही सोय बहुतांशी नसते. ताटात भाकरी आहे की बिस्किटे, हे खाणाऱ्यापासून लपवता येत नाही. शिवाय घरी राहणाऱ्या माणसाने दिवसभरात काय खाल्ले हे त्याच्याच सांगण्यावर अवलंबून असते आणि माणसे खाल्लेले कमी सांगतात, हा जगभरचा अनुभव आहे. आपल्यावर लक्ष आहे या जाणिवेनेही खाणे बदलते.

यावर एक उपाय म्हणजे सहभागींना काही काळ रुग्णालयातच ठेवणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. बेथेस्डा येथील संस्थेच्या रुग्णालयात २० प्रौढ व्यक्ती सलग चार आठवडे राहिल्या. दोन आठवडे त्यांना अतिप्रक्रियायुक्त पदार्थ आणि दोन आठवडे साधे, प्रक्रिया न केलेले पदार्थ देण्यात आले. पुढ्यात मांडलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, स्निग्धांश व तंतू यांचे प्रमाण दोन्ही वेळी सारखे राखले होते आणि प्रत्येकाला हवे तेवढे खाण्याची मुभा होती. सहभागींना सैल कपडे दिले जात आणि रोजच्या वजनाचे आकडे त्यांना दाखवले जात नसत. अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना त्यांनी दररोज सरासरी सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक घेतल्या आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वजन वाढले. साध्या आहारावर तेवढेच घटले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने याच अभ्यासातील आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. दररोज २,००० किलोकॅलरी पुरवणाऱ्या अतिप्रक्रियायुक्त आहाराचा आठवड्याचा खर्च सुमारे १०६ डॉलर, तर साध्या आहाराचा १५१ डॉलर होता. खाणे हा इच्छाशक्तीचा प्रश्न मानणाऱ्यांनी किमतीकडेही पाहिले पाहिजे.

परंतु महिनाभर रुग्णालयात राहणे कोणाला परवडते? ज्याचे हातावर पोट आहे त्याला नाही, आणि ज्या स्त्रीवर घरातील मुलांचा व वृद्धांचा भार आहे तिलाही नाही. चाचणी जितकी काटेकोर, तितकी तिच्यात सहभागी होऊ शकणाऱ्या माणसांची निवड संकुचित होत जाते.

उलटपक्षी, चाचणी लोकांच्या घरी नेली तर वेगळीच अडचण उद्भवते. स्पेनमधील 'प्रेडिमेड' या ७,४४७ व्यक्तींच्या चाचणीत भूमध्यसागरी आहाराचा हृदयविकारावर होणारा परिणाम तपासण्यात आला. एका गटाला ऑलिव्ह तेल आणि दुसऱ्याला सुकामेवा विनामूल्य मिळत असे, तर तुलनेसाठीच्या गटाला खाद्येतर छोट्या भेटी दिल्या जात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोधनिबंध २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. एकाच घरातील दुसऱ्या सदस्याला स्वतंत्र चिठ्ठी न काढता पहिल्याच्याच गटात घातले गेले होते आणि एका ठिकाणी तर व्यक्तींऐवजी संपूर्ण दवाखानेच गटांत वाटले गेले होते, हे त्याचे कारण. मुख्य निष्कर्ष फारसा बदलला नाही, तरी तो पूर्वीइतक्या ठामपणे मांडता आला नाही. ही चूक संख्याशास्त्राची खरी, पण तिचे मूळ सामाजिक आहे. एका चुलीवर दोन आहार शिजत नाहीत. संशोधकाच्या नोंदवहीत सहभागी व्यक्ती एकटी असते, प्रत्यक्षात मात्र तिच्यासोबत सारे घर चाचणीत उतरते.

स्वेच्छेने उपाशी राहिलेले आणि न विचारता उपाशी ठेवलेले

या विषयाच्या इतिहासात दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीने खंगलेल्या जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे, हा प्रश्न युरोपसमोर होता. त्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ ते डिसेंबर १९४५ या काळात ३६ तरुणांवर अभ्यास केला. हे तरुण सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले आणि त्याऐवजी नागरी सेवा पत्करलेले होते. त्यांना अन्य कामेही उपलब्ध होती. त्यांनी हे काम निवडले. सहा महिने त्यांना पूर्वीच्या जवळजवळ निम्म्या, म्हणजे सुमारे १,५७० किलोकॅलरींच्या आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. शरीराइतकाच मनावर झालेला परिणाम संशोधकांना अनपेक्षित होता. हे तरुण खिन्न व चिडचिडे झाले, अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना, कित्येक जण तासन्‌तास पाककृतींची पुस्तके वाचू लागले. अन्न पुन्हा मिळू लागल्यावरही काहींची भूक दीर्घकाळ शमेना. १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष आजही आहारविकारांच्या उपचारात आधारभूत मानले जातात. ३६ पैकी ३२ जणांची नोंद अखेरच्या विश्लेषणात आली.

याच दशकात कॅनडात जे घडले त्याचा तपशील इतिहासकार इयान मॉस्बी यांनी २०१३ मध्ये उजेडात आणला. १९४२ ते १९५२ या काळात तेथील सुमारे १,३०० आदिवासींवर पोषणविषयक प्रयोग करण्यात आले आणि त्यांत निवासी शाळांतील सुमारे १,००० मुले होती. मुलांची अथवा पालकांची संमती घेतली गेली नव्हती. एका शाळेत दुधाचे प्रमाण शिफारशीच्या निम्म्याहूनही कमी आहे हे ठाऊक असताना, तुलनेचा पाया मिळावा म्हणून ते दोन वर्षे तसेच ठेवण्यात आले. दातांची स्थिती हा पोषणाचा निर्देशांक असल्याने काही ठिकाणी दंतोपचारही रोखून धरले गेले.

दोन्ही प्रयोगांत माणसे अर्धपोटी होती. मिनेसोटातील तरुणाला काय होणार हे सांगितलेले होते आणि नकाराची वाट मोकळी होती. शाळेतील मुलाला दोन्ही नव्हते. विशेष म्हणजे कॅनडातील प्रयोगांचा मोठा भाग १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता जाहीर झाल्यानंतरचा आहे. ऐच्छिक संमती अनिवार्य आहे, हे त्या संहितेचे पहिलेच तत्त्व होते. १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा त्यापुढची पायरी होय आणि २०२४ च्या सुधारणेत त्यातील भाषाही बदलली. ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांना 'विषय' न म्हणता 'सहभागी' म्हटले जाऊ लागले.

भारतीय वाचकाने हा इतिहास परका मानू नये. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला गेला. तो आहाराविषयी नव्हता, पण संमतीचा प्रश्न तोच होता. खम्मममध्ये अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचे आढळले आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या बहात्तराव्या अहवालात या प्रकारावर कठोर ताशेरे ओढले. आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या आणि शाळेतील मध्यान्ह भोजन ही आहार-संशोधनासाठी सर्वांत सोयीची ठिकाणे आहेत. तेथे मुले एकत्र जेवतात व त्यांची मोजदाद सोपी असते. नेमकी हीच सोय संमतीला घातक ठरू शकते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज ७ ते १२ वर्षांच्या बालकाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची लेखी सहमती घेणे अपेक्षित आहे.

मुंबईतील एक चाचणी

गरीब वस्तीत आहाराची चाचणी प्रामाणिकपणे कशी करता येते आणि तिच्या मर्यादा कोठे येतात, हे पाहण्यासाठी 'मुंबई मातृपोषण प्रकल्पा'चे उदाहरण उपयुक्त आहे. २००६ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ६,५१३ स्त्रिया सहभागी झाल्या. गरोदर राहण्यापूर्वीपासून प्रसूतीपर्यंत त्यांना रोजच्या जेवणाखेरीज एक अल्पोपाहार देण्यात आला. एका गटाच्या पदार्थात पालेभाज्या, फळे व दूध असे, तर दुसऱ्याच्या पदार्थात बटाटा, कांदा अशा सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेल्या भाज्या. पदार्थ केंद्रावर येऊन देखरेखीखालीच खायचा होता.

या रचनेमागे व्यवहारज्ञान आहे. पूरक आहार घरी नेऊ दिला तर तो मुलांच्या अथवा नवऱ्याच्या ताटात जातो, हे अंगणवाडीतील घरपोच शिध्याच्या अनुभवावरून सर्वांना ठाऊक आहे. केंद्रावरच खाल्ल्याने ही गळती थांबते. शिवाय तुलनेच्या गटालाही काहीतरी मिळत असल्याने कोणी रिकाम्या हाती परतत नाही. परंतु रोज केंद्रापर्यंत जाण्या-येण्याचा वेळ हीसुद्धा किंमतच आहे. ती स्त्री आपल्या श्रमातून चुकवते, आणि कोणत्याही हिशेबात ती दिसत नाही.

निष्कर्ष संमिश्र होते. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बाळांच्या सरासरी जन्मवजनात संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी आहार सुरू झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली, पण तीही अत्यंत कृश स्त्रियांमध्ये आढळली नाही. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण मात्र तुलनेच्या गटातील १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्के इतके कमी आढळले. परीक्षार्थींनी येथे एक भेद नीट समजून घ्यावा. चाचणीत नेमलेल्या सर्वांचे विश्लेषण आणि नियमानुसार आहार घेतलेल्यांचेच विश्लेषण या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिल्यातून योजना राबवल्यास प्रत्यक्षात काय घडेल याचा अंदाज मिळतो, तर दुसऱ्यातून आहाराची शक्यता कळते. शासकीय योजनांच्या मूल्यमापनात या दोहोंची गल्लत वारंवार होते.

जे चाचणीत नव्हते

सहभागाचा प्रश्न ज्यांना घेतले गेले त्यांच्यापुरता मर्यादित नाही. भूक कमी करणारे रिमोनाबँट हे औषध २००६ मध्ये युरोपात मान्य झाले. चार मोठ्या चाचण्यांत मिळून ४,१०५ व्यक्ती होत्या आणि औषध घेणाऱ्यांचे वजन वर्षाअखेर इतरांपेक्षा सरासरी ४.७ किलोंनी अधिक घटले. परंतु नैराश्यग्रस्तांना या चाचण्यांतून वगळले होते. तरीही औषध घेणाऱ्यांपैकी अधिक जणांनी उदासपणामुळे चाचणी सोडली. बाजारात आल्यावर ते अशा लोकांच्याही हाती पडले, ज्यांच्यावर त्याची कसोटी कधी लागलीच नव्हती. स्थूलता व नैराश्य अनेकदा सोबत असतात, हे लक्षात घेता ही उणीव क्षुल्लक नव्हती. २००८ मध्ये युरोपात या औषधाची विक्री थांबवण्यात आली आणि डिसेंबर २००९ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. भूक मंदावणाऱ्या सिब्युट्रामिन या दुसऱ्या औषधावर फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी आली.

येथे खरी कोंडी आहे. दुर्बलांना चाचणीत घेतले तर त्यांच्या शोषणाची भीती, आणि संरक्षणाच्या नावाखाली वगळले तर त्यांच्याविषयीचे ज्ञानच निर्माण होत नाही. सरसकट वगळण्यापेक्षा अधिक देखरेखीसह सामावून घेणे हाच श्रेयस्कर मार्ग दिसतो, मग त्याने चाचणीचा खर्च वाढला तरी चालेल.

संमतीचे अर्थशास्त्र

सूचित संमतीमागील अडचण ही माहितीच्या विषमतेची आहे. संशोधकाला धोका ठाऊक असतो, सहभागी व्यक्तीला तो सांगितला जातो तेवढाच कळतो. त्यात मोबदल्याचा प्रश्न मिसळला की गुंता वाढतो. मोबदला अधिक दिला तर गरीब माणूस धोक्याकडे दुर्लक्ष करील, असे एक मत आहे. कमी दिला तर त्याच्या श्रमाचा फुकट वापर होतो, असे दुसरे. परिषदेची २०१७ ची तत्त्वे प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि झालेली गैरसोय यांची भरपाई मान्य करतात, अवाजवी प्रलोभन मात्र निषिद्ध मानतात आणि कोणते देणे कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवण्याचे काम आचारनीती समितीवर सोपवतात.

आहाराच्या चाचणीत ही सीमारेषा फार पुसट होते. पोटभर जेवणाऱ्या माणसाला रोजचा एक पदार्थ ही भेट वाटते, तर अर्धपोटी माणसाला तोच पदार्थ नाकारणे अशक्य असते. अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. तुलनेच्या गटालाही समान मोलाचे काही मिळते का. मध्येच बाहेर पडणाऱ्याला तोवरच्या दिवसांचा मोबदला मिळतो की 'शेवटपर्यंत राहिलात तरच' अशी अट आहे. आणि नकार देणाऱ्या कुटुंबाचे अंगणवाडीतील अथवा शिधावाटप दुकानातील हक्काचे अन्न अबाधित राहते का. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची, कारण गावात संशोधक आणि शासन यांतील फरक लोकांना सहज उमगत नाही. हक्क म्हणून मिळणारे अन्न सुरक्षित असेल, तरच चाचणीतील अन्नाला 'नको' म्हणता येते.

कायद्याची चौकट आणि तिची मर्यादा

भारतात औषध व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अंतर्गत १९ मार्च २०१९ रोजी अधिसूचित झालेले 'नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियम' या क्षेत्राचे नियमन करतात. यामागे स्वास्थ्य अधिकार मंच, इंदूर या संस्थेची २०१२ मधील याचिका, त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचे २०१३ मधील आदेश आणि प्रा. रणजित रॉय चौधरी समितीच्या शिफारशी यांची पार्श्वभूमी आहे. चिकित्सा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तेथे पूर्वनोंदणी अनिवार्य करण्यात आली. आचारनीती समितीत किमान सात सदस्य लागतात व त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात. समितीत सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री असणेही आवश्यक आहे. नव्या रासायनिक संयुगाच्या चाचणीत दुर्बल घटकातील सहभागीच्या संमतीप्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते. संमतीपत्रात सहभागीचे वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव नोंदवण्याची जागा असते.

चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाईचे सूत्र नियमांतच दिले आहे. ८ लाख रुपयांच्या पायाभूत रकमेला वयाच्या व धोक्याच्या घटकाने गुणून ९९.३७ ने भागायचे. धोक्याचा घटक मरणासन्न रुग्णासाठी ०.५, तर निरोगी स्वयंसेवकासाठी ४ आहे. त्यानुसार निरोगी सहभागीच्या वारसांना वयानुसार ३२ लाखांपासून सुमारे ७३.६ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. या सूत्रात उत्पन्नाला स्थान नाही, ही त्याची जमेची बाजू. मोटार अपघातातील भरपाई मृताच्या कमाईवर ठरते. येथे मजूर आणि अधिकारी समान मोलाचे मानले आहेत. गंभीर अपायाची माहिती संशोधकाने २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे.

मात्र हे सूत्र लागू होते ते औषधांच्या चाचण्यांना. भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनची चाचणी त्याच्या कक्षेत येते. पोळीऐवजी नाचणी देणारी, उपवासाचे तास ठरवणारी, अथवा समुपदेशनाने खाण्याच्या सवयी बदलू पाहणारी चाचणी येत नाही. ती 'जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन' या सदरात मोडते. तिच्यावर देखरेख करणाऱ्या समितीने आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे पाळावी लागतात. अपायाची भरपाई व्हावी असे ही तत्त्वेही सांगतात, पण किती, याचे सूत्र त्यांत नाही. अन्न निरुपद्रवी असते या गृहीतकावर ही विभागणी उभी आहे. मिनेसोटातील तरुणांची अवस्था पाहिली असता ते गृहीतक टिकत नाही.

चाचणी संपल्यानंतर काय, हा प्रश्न यापुढे अधिक तीव्र होणार आहे. सेमाग्लुटाइड या भूक मंदावणाऱ्या औषधाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८०३ व्यक्ती होत्या. सर्वांनी प्रथम २० आठवडे औषध घेतले. त्यानंतरच्या ४८ आठवड्यांत ज्यांनी ते चालू ठेवले त्यांचे वजन आणखी ७.९ टक्क्यांनी घटले. ज्यांना नकळत निष्क्रिय इंजेक्शन दिले गेले त्यांचे ६.९ टक्क्यांनी वाढले. भूक परत येते, असाच याचा अर्थ. भारतीय नियमांनुसार चाचणीनंतर प्रायोजकाने औषध विनामूल्य पुरवावे यासाठी संशोधकाची शिफारस, आचारनीती समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती यांखेरीज अन्य पर्यायी उपचार उपलब्ध नसणे ही अट आहे. स्थूलतेवर आहार, व्यायाम व शस्त्रक्रिया असे पर्याय कागदावर नेहमीच उपलब्ध असतात. त्यामुळे या अटीवर बोट ठेवून प्रायोजकाला औषध नाकारता येते, आणि महिना काही हजार रुपये मोजून ते विकत घेण्याची ऐपत नसलेल्या सहभागीसाठी चाचणी तेथेच संपते.